जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या मालिका: मन नेमके कशात गुंतते?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मला गाड्यांतले फारसे कळत नाही, जुनी गाडी घेण्याचा विचारही नाही, तरीही कोणीतरी एखादी गंजलेली, बंद पडलेली गाडी विकत घेतो, गॅरेजात ती दुरुस्त करतो आणि विकून चार पैसे मिळवतो, अशा मालिका मी एकामागून एक पाहत बसतो. त्यात एवढे धरून ठेवणारे काय असते, आणि शेवटी दाखवतात तो नफा खरा असतो का?

जुन्या गाड्या खोलून पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी २५ वर्षे करतो आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्या मी स्वतः विकत घेऊन, दुरुस्त करून विकलेल्या आहेत. त्यामुळे या मालिका पाहताना माझा एक डोळा मजा घेत असतो आणि दुसरा पडद्यावर काय दाखवायचे राहिले ते मोजत असतो. प्रश्नाचा दुसरा भाग सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो: नफा जसा दाखवतात तसा नसतो, आणि का नसतो ते पुढे सविस्तर सांगतो. मात्र तेवढ्यावरून मालिका फसवी ठरते असे मला वाटत नाही, कारण प्रेक्षक खरे तर त्या आकड्यासाठी बसलेला नसतो. तो मधल्या भागासाठी बसलेला असतो, जिथे एक माणूस बिघडलेली वस्तू उघडतो, बिघाड बोटाने दाखवतो आणि तो कसा काढायचा हे हळूहळू करून दाखवतो. नफ्याचा आकडा हा त्या कामाचा निकाल असतो, आणि निकालाशिवाय परीक्षा पाहण्यात कोणालाच रस नसतो, एवढेच त्याचे महत्त्व.

या प्रकाराचा साचा ज्या मालिकेने पक्का केला ती म्हणजे ब्रिटनमधली ‘व्हीलर डीलर्स’. ती २००३ साली डिस्कव्हरी वाहिनीवर सुरू झाली. माइक ब्रूअर गाडी हुडकणार, मालकाशी घासाघीस करून ती घेणार आणि शेवटी विकणार. एड चायना नावाचा उंचच उंच मेकॅनिक, नारिंगी हातमोजे चढवून, मधल्या काळात ती दुरुस्त करणार. आणि शेवटी खरेदी, सुटे भाग आणि विक्री यांची बेरीज-वजाबाकी पडद्यावर मांडली जाणार. मांडणी इतकी साधी की पहिल्या पाच मिनिटांत शेवट काय होणार हे कोणालाही सांगता यावे. गाडी दुरुस्त होणार, ती विकली जाणार, हात मिळवले जाणार. शेवट ठाऊक असूनही माणसे पाहतात, यावरूनच ओढ शेवटात नसून दुसरीकडे कुठेतरी आहे हे कळायला हवे.

ती कुठे आहे याचा जवळजवळ पुरावाच २०१७ साली मिळाला. त्या वर्षी एड चायनाने मालिका सोडली, आणि सोडण्याचे कारण स्वतःच जाहीरपणे सांगितले: निर्मितीची सूत्रे ज्यांच्याकडे गेली होती त्यांना गॅरेजातली तपशीलवार दृश्ये चित्रित करणे फार अवघड वाटत होते, ती कमी करायची होती, आणि तसे केल्यास कामाचा दर्जा उतरेल असे त्याचे मत होते. यावर प्रेक्षकांची जी प्रतिक्रिया उमटली ती एखाद्या लोकप्रिय नटाने मालिका सोडावी तशी होती. लक्षात घ्या, हा माणूस पडद्यावर काय करत असे? बेअरिंग दाबून बसवत असे, ब्रेकचे कॅलिपर साफ करत असे, आणि हे करताना त्या भागाचे काम काय हे साध्या भाषेत सांगत असे. त्याच्या जागी आधी अँट अँस्टेड आणि नंतर मार्क प्रीस्टली आला. प्रीस्टली पूर्वी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक होता. म्हणजे निर्मात्यांनाही शेवटी काम येणारेच हात शोधावे लागले. नुसता गोड बोलणारा सूत्रधार त्या जागी चालला नसता.

त्या मधल्या भागात एवढे काय असते, ते एका उदाहरणाने सांगतो. एखादी गाडी येते. इंजिन तापते, पाणी कमी होते, पण खाली कुठे गळताना दिसत नाही. मेकॅनिक तेलाचे झाकण काढतो आणि त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ, लोण्यासारखा थर दिसतो. एक्झॉस्टमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. तो प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाब दाखवतात. आता तुम्हाला इंजिनातले ओ की ठो कळत नसले तरी तुम्ही कान टवकारता, कारण हा एक तपास आहे. पाणी नाहीसे होते आहे, तेलात काहीतरी मिसळले आहे, दोन शेजाऱ्यांच्या मधली भिंत फुटली आहे. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवले जाते आणि त्याखालच्या पातळ थरावर, म्हणजे हेड गॅस्केटवर, नेमका त्या दोन सिलिंडरांच्या मधोमध, जळून गेलेला काळा पट्टा दिसतो. मेकॅनिक तो उजेडात धरतो. कारण कळते तेही तिथेच: खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गाडी एकदा जास्त तापली की हेड किंचित वाकते, आणि मधला पातळ गॅस्केट दोन्हींना सांभाळता सांभाळता हार मानतो.

रोजच्या जगण्यात असा अनुभव किती वेळा मिळतो? आपल्या बहुतेक अडचणींना एक कारण नसते, दहा असतात, आणि त्यांतले एकही हातात धरून उजेडात पाहता येत नाही. फोन बिघडला तर तो बदलला जातो. कचेरीतले काम बिघडले तर बैठक भरते. इथे मात्र बिघाडाला जागा आहे, आकार आहे, सुटा भाग आहे, आणि तो काढून नवा बसवला की काम पूर्ण झाल्याचे इंजिन स्वतःच सांगते. ज्यांना गाड्यांची आवड नाही अशी माणसेही या मालिकांना चिकटून बसतात, त्याचे मला दिसणारे सर्वांत मोठे कारण हे आहे.

म्हणूनच या मालिकांत बहुतेक गाड्या विशिष्ट काळातल्याच दिसतात. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-टू ही संगणकीय निदानाची प्रमाणित जोडणी सक्तीची झाली, युरोपात २००१ पासून पेट्रोल गाड्यांना तशीच व्यवस्था आली. त्यानंतरच्या गाडीत बिघाड झाला की पहिले उत्तर यंत्राच्या पडद्यावर एका सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने येते. आमच्या कामासाठी ते सोयीचे आहे, पण कॅमेऱ्याला त्यात दाखवण्यासारखे काय आहे? १९६० ते १९९५ च्या दरम्यानच्या बऱ्याच गाड्यांचे बॉनेट उघडले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पंख्याचा पट्टा, सगळे डोळ्यांसमोर असते. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, जुन्या पेट्रोलचा चिकट राळ अडकला, तो बारीक तारेने आणि हवेच्या झोताने काढला, हे शाळकरी मुलालाही समजते. शिवाय आणखी एक गोष्ट सहज जमून येते: ज्यांच्या हातात आता थोडा पैसा आणि संध्याकाळ मोकळी आहे, त्या पिढीने लहानपणी मागच्या सीटवर बसून पाहिलेल्या गाड्या नेमक्या याच. फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय १९७६ ची, पहिली माझदा एमएक्स-५ १९८९ ची. प्रेक्षक गाडी पाहत असतो, आणि गाडीबरोबर आपले एक वयही.

ब्रिटिश मालिकांना एक खलनायक आयता मिळालेला आहे, तो म्हणजे गंज. तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ आणि ओलावा मिळून गाडीच्या पोटाखालचा पत्रा वर्षानुवर्षे खात राहतात. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त असते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि बाहेर नखाएवढा फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो आरपार जातो, आणि पडद्यासमोर बसलेला प्रत्येक जण एकदम ‘अरेरे’ म्हणतो. दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, जॅक लावण्याच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा: गंज कुठे शोधायचा याचा एक ठरलेला नकाशा असतो आणि दोन-चार भाग पाहिले की तो प्रेक्षकालाही पाठ होतो. पोर्शेने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ चा सांगाडा जस्ताचा थर दिलेल्या पत्र्याचा केला, ऑडीने १९८६ च्या ८० मॉडेलमध्ये पूर्ण सांगाड्याला तो थर दिला. अशी माहिती चार भिंतींच्या वर्गात कोणी सांगितली तर झोप येईल, पण स्क्रूड्रायव्हर आरपार गेल्यानंतर तीच माहिती लक्षात राहते.

त्या देशातल्या वार्षिक तपासणीचाही मालिकेला मोठा आधार आहे. एमओटी नावाची ही चाचणी १९६० मध्ये सुरू झाली आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांहून जुन्या गाडीला ती दरवर्षी द्यावी लागते. चाचणीत नापास झालेली गाडी मालकाला नकोशी होते, म्हणून ती स्वस्तात मिळते; आणि दुरुस्तीनंतर तीच गाडी पास झाली की कथेला मध्येच एक छोटा निकालही मिळतो. २०१८ पासून तिथे मोठे फेरबदल न केलेल्या, ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना या चाचणीतून सूट आहे. एक कारागीर म्हणून ही सूट मला पटत नाही. जुन्या गाडीचे ब्रेक कायद्याला घाबरत नाहीत, तेव्हा कोणीतरी वर्षातून एकदा ते पाहिलेले बरे. ‘व्हीलर डीलर्स’ ही मालिका मधली काही वर्षे कॅलिफोर्नियात हलवली गेली, तेव्हा खलनायकही बदलला. कोरड्या हवेत पत्रा टिकतो, पण ऊन डॅशबोर्ड फोडते, सीटचे कापड जाळते आणि दारांची रबरे दगडासारखी करते. गाडीचे आजार हवेप्रमाणे बदलतात, हे त्या दोन काळांतले भाग शेजारी ठेवून पाहिले तर छान कळते.

आता त्या दुसऱ्या डोळ्याकडे येतो. आमच्या गॅरेजात जेवणाच्या सुट्टीत या मालिका लागतात, आणि पोरे त्या पाहताना पडद्याशी भांडत असतात. भांडणाचा विषय बहुधा एकच असतो: जाम झालेला बोल्ट. पडद्यावर मेकॅनिक गाडीखाली जातो, पाना लावतो, एकदा तोंड वाकडे करतो आणि पुढच्या दृश्यात सुटा झालेला भाग त्याच्या हातात असतो. एकूण आठ-दहा सेकंद.

मागच्या सस्पेन्शनचा एक लांब बोल्ट मला आठवतो, जो आपल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला होता. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ केले, गंज सोडवणारे तेल मारले आणि रात्रभर ठेवले. सकाळी पुन्हा तेल. मग सहा कोनांचा सॉकेट लावला, कारण बारा कोनांचा सॉकेट असल्या ठिकाणी बोल्टची डोकी गोल करतो. सोडवण्याआधी बोल्ट थोडा आवळण्याच्या दिशेने ढकलायचा, म्हणजे गंजाची पकड मोडते, तेही केले. शेवटी ज्योत लावून बाहेरची नळी लाल केली, जेणेकरून ती प्रसरण पावावी आणि आतला बोल्ट मोकळा व्हावा. रबराचा बुश जळू लागला, सगळीकडे घाण वास पसरला, आणि तेवढ्यात ‘कट्’ असा आवाज आला. हा आवाज दोन प्रकारचा असतो. एक सुटल्याचा, एक तुटल्याचा, आणि पान्यावरच्या हाताला तो फरक कानाच्या आधी कळतो. माझा तुटला होता. पुढे उरलेल्या तुकड्याला मधोमध छिद्र पाडण्यात, त्यात तुकडा काढायचे हत्यार अडकवण्यात, ते हत्यारही आत तुटण्यात आणि शेवटी सगळी नळीच कापून नवी वेल्ड करण्यात दोन दिवस गेले. बोल्ट हाताच्या वितीएवढा होता.

हे दोन दिवस मालिकेने दाखवावेत असा माझा आग्रह नाही. दाखवले तर कोणी पाहणार नाही, मीसुद्धा नाही. पण ते वगळल्यामुळे पाहणाऱ्याच्या मनात कामाचे एक चुकीचे माप तयार होते, आणि मग ग्राहक येऊन विचारतो की एवढ्याशा गोष्टीला आठवडा का लागतो. मालिकांचा मला असलेला खरा त्रास एवढाच.

रंगकामाच्या बाबतीत हे आणखी ठळक होते. पडद्यावर गाडी रंगाच्या बंदिस्त खोलीत जाते, संगीत वाजते आणि ती चमकत बाहेर येते. प्रत्यक्षात रंग मारणे हा त्या कामाचा सर्वांत लहान भाग असतो. त्याआधी पत्रा ठोकून सरळ करणे, पुट्टी भरणे, ती लांब ठोकळ्याने घासणे, प्रायमर, त्यावर पातळ काळा फवारा मारून पुन्हा घासणे, जेणेकरून खड्डे असतील तिथे काळे ठिपके उरतील आणि नजरेला जे दिसत नाही ते दिसेल. हे चक्र तीन-चार वेळा होते. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी. जाडी मोजायचे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवल्यावर त्याने ६०० किंवा ९०० दाखवले, तर रंगाखाली पुट्टी आहे आणि पुट्टीखाली कोणीतरी लपवलेली एक गोष्ट आहे. पॉलिश करतानाही तोच हिशेब: वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, आणि प्रत्येक घासणीत त्यातले थोडे कायमचे जाते. मळकट बॉनेटच्या मध्यावर चिकटपट्टी लावून अर्धा भाग पॉलिश करायचा आणि मग ती पट्टी सर्रकन काढायची, हे दृश्य जवळजवळ प्रत्येक मालिकेत असते, आणि मी ते शंभर वेळा स्वतः केलेले असूनही पुन्हा पाहतो. अर्धे धुरकट, अर्धे आरशासारखे; त्या एका सरळ रेषेत सगळी मालिका सामावलेली असते.

काही कामे मात्र कॅमेऱ्याला मुळीच आवडत नाहीत. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट-फोर या दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांब उतारावर ते उकळले की पायाखालचे पेडल फरशीला टेकते. म्हणून जुनी गाडी हाती आली की मी सर्वांत आधी ते तेल बदलतो. पण एक माणूस पेडल दाबतो आणि दुसरा चाकामागे बसून बुडबुडे पाहतो, याचे दृश्य काय करणार? ते बहुधा कापले जाते. गाडी चमकते कशाने हे मालिका उत्तम सांगतात. ती थांबते कशाने हे सांगताना मात्र हात आखडता घेतात.

सगळ्याच मालिका एका पठडीतल्या नाहीत, आणि तुलना केली की विक्रीचे महत्त्व जास्त स्पष्ट होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘कार एसओएस’मध्ये टिम शॉ आणि फझ टाउनशेंड आजारपण किंवा संकटामुळे ज्यांची गाडी धूळ खात पडली आहे अशा मालकाची गाडी, घरच्यांशी संगनमत करून, गुपचूप नेतात आणि नवी करून परत देतात. तिथे आकडा नाही; शेवटी मालकाचे डोळे भरून येतात आणि निकाल तोच. २००४ च्या ‘ओव्हरहॉलिन’मध्ये चिप फूस यांची मंडळी मालकाला फसवून गाडी पळवत आणि आठवडाभराच्या मुदतीत ती संपूर्ण बदलून देत, कौशल्य अफाट, पण घाईच्या नाट्यात ते कधीकधी दिसेनासे होई. त्याच वर्षीची ‘पिंप माय राइड’ तर गाडीत टीव्हीचे पडदे आणि ध्वनियंत्रणा कोंबण्यातच रमली. ती मला दुरुस्तीची मालिका वाटतच नाही, वाढदिवसाच्या केकवरच्या सजावटीसारखी वाटते. २०१२ मध्ये सुरू झालेली ‘फास्ट एन लाउड’ टेक्सासमधल्या एका गॅरेजाची होती. तिथे रिचर्ड रॉलिंग्स सौदे करत असे आणि मुदतीवरून आरडाओरडा होत असे. भांडण कृत्रिम होते की खरे हा मुद्दा मी बाजूला ठेवतो; पण ज्या मालिकेत लोक एकमेकांवर जास्त ओरडतात तिथे पाना कमी दिसतो, हे माझे निरीक्षण आहे.

अश्रूंपेक्षा विक्रीचा शेवट मला अधिक प्रामाणिक वाटतो. घरचे लोक, मित्र, सूत्रधार हे सगळे कामाचे कौतुक करणारच. अनोळखी माणूस मात्र खिशातून पैसे काढताना भिडेखातर काही करत नाही. तो खाली वाकतो, टायर पाहतो, दार दोनदा उघडून लावतो, आणि मग किंमत पाडायला बघतो. ब्रूअरचे कौशल्य इथे मोलाचे आहे, कारण घेताना तो जे दोष मोजून दाखवतो तेच दोष विकताना नाहीसे झालेले असतात, आणि प्रेक्षक दोन्ही वेळा त्याच्या शेजारी उभा असतो. घासाघीस करायला लाजणाऱ्या माणसाला ती दुसऱ्याने केलेली पाहण्यात जे सुख असते, तेही कमी लेखू नये.

आता नफ्याचा हिशेब. ‘व्हीलर डीलर्स’मध्ये पडद्यावर खरेदीची किंमत आणि सुट्या भागांचा खर्च धरला जातो, गॅरेजातल्या मेकॅनिकच्या कामाचे तास धरले जात नाहीत. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले की बाकी सगळे उलगडते. मी एका वहीत प्रत्येक गाडीला लागलेले तास लिहितो, ही सवय मला एका जुन्या मिस्त्रीने लावली. मध्यम प्रकारच्या पूर्ण दुरुस्तीला, म्हणजे खालचे वेल्डिंग, ब्रेक, सस्पेन्शन, रंग आणि आतली सजावट, माझ्या वहीत २०० च्या खाली आकडा क्वचित सापडतो, आणि ४०० ओलांडलेल्या गाड्याही आहेत. या तासांना साध्या गॅरेजाचा दर लावला तर मालिकेत दाखवलेला बहुतेक नफा पहिल्या आठवड्याच्या कामातच संपेल. त्याशिवाय जागेचे भाडे, वाहतूक, हत्यारे, विमा, आणि विकल्यावर महिन्याभराने गिअर अडकतो म्हणून परत येणारा ग्राहक, हेही त्या आकड्यात नसते. मालिकेची कमाई मालिका विकण्यातून होते, गाडी विकण्यातून होण्याची तिला गरजच नाही.

मग या धंद्यात पैसा मिळतच नाही का? मिळतो, पण पडद्यावर दिसतो त्याच्या उलट जागी. माझ्या फायद्याच्या गाड्या जवळजवळ सगळ्या कंटाळवाण्या होत्या: पत्रा चांगला, कागद पूर्ण, एखादाच महागडा वाटणारा पण प्रत्यक्षात किरकोळ बिघाड, आणि घाबरलेला मालक. अशा गाडीवर भाग बनणार नाही, कारण त्यात पाहण्यासारखे काहीच घडत नाही. ज्या गाड्यांवर सुंदर भाग बनेल, म्हणजे गंजाने चाळण झालेल्या, दुर्मीळ, भावनेने घेतलेल्या, त्या माझ्या वहीत लाल शाईत आहेत. धंद्याचे एक जुने सूत्र आहे की नफा घेताना होतो, विकताना नाही. ब्रूअरच्या घासाघिशीत ते दिसते, पण त्यानंतरच्या कामाच्या भरात प्रेक्षक ते विसरतो. म्हणून कोणी ही मालिका पाहून धंद्यासाठी गाडी घ्यायची म्हणाला तर मी त्याला आधी वही दाखवतो. छंद म्हणून घ्यायची म्हणाला तर वही मिटून ठेवतो, पण गाडीचा पत्रा आधी पाहा, इंजिन नंतर, एवढे मात्र सांगतो. इंजिन कोणालाही दुरुस्त करता येते, चाळण झालेल्या पत्र्याला अंत नसतो.

बोल्टने दोन दिवस खाल्लेली ती गाडी शेवटी विकली गेली, त्याचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिच्या तळाचा जवळजवळ अर्धा पत्रा मी नवा घातला होता. घेणारा मध्यमवयीन गृहस्थ होता. मी त्याला गाडी जॅकवर चढवून खालचे काम दाखवू लागलो. त्याने शिष्टाचार म्हणून दोन मिनिटे मान हलवली. मग तो आत बसला, स्टिअरिंगला हात लावला आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या घड्याळाकडे पाहू लागला. ते घड्याळ बरीच वर्षे बंद होते. गाडी देण्याच्या आदल्या संध्याकाळी, दुसरे काही काम उरले नव्हते म्हणून, मी ते उघडून त्याच्या मागची सुटलेली तार जोडली होती. वीस मिनिटांचे काम, वहीत लिहिलेलेही नव्हते. “हे चालू आहे?” त्याने विचारले. त्याच्या वडिलांच्या गाडीतले असे घड्याळ कधीच चालत नसे, असे तो म्हणाला. मग त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहून डॅशबोर्डवरच्या घड्याळाचा काटा तीन मिनिटे पुढे केला, आणि किमतीबद्दल पुन्हा काही बोलला नाही.